ठमाबाईचा आवाज आणि भिवाचा डावा कान

दाभोळच्या धक्क्यावर सकाळचा मासळीचा लिलाव सुरू झाला, की पलीकडे धोपाव्याला लोक घड्याळं लावून घेत. मधे वाशिष्ठीची अख्खी खाडी आहे. भरतीच्या वेळी पलीकडचा माणूस मुंगीएवढा दिसतो. पण ठमाबाईनं "पापलेट!" अशी आरोळी ठोकली, की ते पापलेट त्याच क्षणी दोन तालुक्यांत पोचायचं.

ठमाबाई गेली सव्वीस वर्षं लिलाव पुकारते. तिची स्वतःची बोट नाही, जाळं नाही, की साधा टेम्पोही नाही. तिच्याकडे दोनच वस्तू आहेत, आवाज आणि नाक. बोटवाले आपली मासळी तिच्यापुढे ओततात. ती एक मासा उचलते, त्याचा कल्ला उघडते, हुंगते आणि मग जाहीर करते. ती "आजचा" म्हणाली की तो आजचा, "कालचा" म्हणाली की बोटवाल्यानं मान खाली घालून बर्फ शोधायचा. या नाकावर कुणी शंका घेतल्याचं आठवत नाही. आवाजावर मात्र तक्रारी असत, पण त्या तिला ऐकू जात नसत, कारण ती बोलत असे.

तिचा नवरा भिवा. त्यानं चौतीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनापाशी बसून काढली. त्या धडधडीत उजवा कान पूर्ण गेला आणि डावा जेमतेम किलकिला राहिला. खेडला जाऊन कानाचं यंत्र आणलं होतं, पण त्यातून त्याला फक्त वारा ऐकू येई, आणि वारा त्याला यंत्राशिवायही कळायचा. यंत्र डब्यात गेलं. आता जगात भिवाला ऐकू येणारा आवाज एकच उरला होता, आणि तो त्याच्याच घरात होता. हे सुदैव की दुर्दैव, यावर धक्क्यावर दोन मतं होती. भिवाचं मत कुणाला माहीत नव्हतं. इंजिनापाशी बोलून उपयोग नसतो, त्यामुळे बोलायची सवयच त्याची गेली होती.

इंजिनानं कान नेले तसं डिझेलच्या धुरानं छातीचंही बरंच काही नेलं होतं, उरलेलं बिडीनं. दुसऱ्या लाटेच्या आधी, मार्चमध्ये, ठमाबाई त्याला खेडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडापुढे धरला आणि म्हणाले, "यांना जर का कोरोना झाला ना..." आणि तिथंच थांबले. फोटो खाली ठेवला, चष्मा पुसला, आणि औषधं लिहायला लागले.

ठमाबाई आयुष्यात कधी कुणाचं अर्धं वाक्य घेऊन घरी गेली नव्हती. हे ती घेऊन आली. एसटीत सगळा वेळ ते तिच्या मांडीवर बसलं होतं. दाभोळला उतरेपर्यंत तिनं ठरवलं, की काय वाट्टेल ते होवो, हा रोग आपल्या उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचा नाही.

आणि मग ती कामाला लागली.

पहिल्या लाटेत वांगी सगळ्यांनीच धुतली होती. ठमाबाई वांग्यांवर थांबली नाही. दुधाची पिशवी, गॅसचा सिलिंडर, नारळ, चपला, कुलूप, कुलपाची किल्ली, सगळं साबणाच्या पाण्यातून जाऊ लागलं. बाजारातून एक कोंबडी आणली, तिलाही आंघोळ घातली. ती कोंबडी पुढं तीन दिवस कुणाशी बोलली नाही. धक्क्यावरून परतताना ठमाबाई स्वतः नेसत्या लुगड्यानिशी कमरेएवढ्या पाण्यात उतरून उभी राहायची, आणि तशीच ठिबकत घरी यायची. तिच्या वाटेवर ओलीची रेघ असे. गावातल्या मांजरांनी त्या रेघेचा रस्ता केला.

भिवाला तिनं आतल्या खोलीत ठेवलं. खिडकी खाडीच्या बाजूला होती, ती बंद करून वर गोणपाट ठोकलं. कारण साधं होतं. वारा खाडीवरून येतो, आणि खाडीपलीकडे सात पेशंट सापडले होते.

मास्क ती कधीही विसरली नाही. रस्त्यानं एकटी चालताना मास्क नाकावर. बोटींची वाट बघत गप्प बसलेली असताना मास्क नाकावर. फक्त लिलाव सुरू झाला, की तो हनुवटीवर यायचा. मास्कमधून लिलाव पुकारणं म्हणजे गोणीतून शंख वाजवणं. म्हणजे तोंड बंद असताना ते झाकलेलं आणि उघडलं की उघडं. यात काही चुकतंय असं तिला वाटलं नाही आणि धक्क्यावर कुणालाच वाटलं नाही, कारण तिथं सगळ्यांचे मास्क तोंडाच्या याच वेळापत्रकानं वरखाली होत होते.

घरी दिवसातून तीन वेळा तसंच. ती हातपाय धुऊन आतल्या खोलीत जायची, भिवाच्या डाव्या बाजूला गुडघ्यावर बसायची, मास्क खाली ओढायची, त्याच्या कानापासून चार बोटांवर तोंड न्यायची आणि विचारायची,

"जेवलाव काय?"

भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. भिवा मान डोलवायचा.

आमच्या वाडीची आशा कार्यकर्ती तेजस्वी दर दोन दिवसांनी चक्कर मारायची. बोटाला लावायचं प्राणवायूचं यंत्र तिच्या पिशवीत असे आणि संयम चेहऱ्यावर. तिनं ते बंद घर बघितलं आणि म्हणाली,

"ठमाकाकी, खिडक्या उघडा."

"आणि वारा?"

"वारा येऊ दे की आत."

"वाऱ्याबरोबर तो पण येल ना गो! पल्याड सात गावलेत."

"खाडी ओलांडून येत नाही तो. माणसाकडून माणसाला येतो. आपण बोलतो, खोकतो, ओरडतो, तेव्हा तोंडातून बारीक बारीक थेंब उडतात. जरा मोठे असतात ते खाली पडतात. अगदी बारीक असतात ते कोंडलेल्या खोलीत तरंगत राहतात."

"तरंगत?"

"अगरबत्तीच्या धुरासारखे. माणूस निघून गेला तरी राहतात. खिडकी उघडी असली की पांगतात."

ठमाबाईनं तिच्याकडे नीट बघितलं. "गेल्या साली ह्याच पायरीवर बसून तू सांगितलंस, वांगी धू."

तेजस्वी जरा अडखळली. "गेल्या साली आम्हाला तसंच सांगितलेलं, काकी. हात धुवा ते आताही आहेच. पण आता कळलंय की हवेचं जास्त आहे."

"गेल्या साली वांगी. यंदा हवा. पुढल्या साली काय?"

तेजस्वीनं पिशवी उचलली आणि पुढच्या घरी गेली. ठमाबाईची लेक अक्षया खेडला असते, तिच्याकडे मात्र सगळ्याची उत्तरं होती आणि ती रोज फोनवर येत. सोमवारी गरम पाणी प्या, मंगळवारी वाफ घ्या, बुधवारी वाफ अजिबात घेऊ नका. एका व्हिडिओत दहा सेकंद श्वास रोखून धरला की रोग आहे की नाही ते कळतं म्हणे. ठमाबाईनं तो प्रयोग भिवावर केला. भिवानं श्वास रोखला आणि पुढं वीस मिनिटं खोकला. त्यावरून नक्की काय कळलं, ते कुणालाच कळलं नाही.

शेवटी तिनं सगळ्यांचं थोडं थोडं ऐकायचं ठरवलं. वांगी धुतच राहिली, आणि खिडकी बंदच राहिली.

एप्रिलमधली गोष्ट. सकाळचं ऊन खाडीच्या वरच्या अंगानं तिरपं धक्क्यावर येत होतं. लिलावाला रोजचे व्यापारी अर्धं कडं करून उभे होते. सगळ्यांत पुढे झुबेर. पेट्या भरून मासळी बाहेरगावी पाठवणारा, चष्मेवाला, गोड बोलून भाव पाडणारा. ठमाबाईनं मास्क खाली घेतला, छाती भरून घेतली आणि पुकारलं. झुबेरनं एकदम हात वर केला.

"मावशी, थांबा! परत बोला."

"काय बोलू?"

"आता बोललात तेच."

"पापलेट!"

"बघा, बघा सगळ्यांनी! कारंजं!"

आणि खरंच, त्या तिरप्या उन्हात तिच्या तोंडापुढे चांदीचा चुरा उडाल्यासारखं काहीतरी चमकलं आणि हळूहळू पुढच्या रांगेवर उतरलं. लोकांना भारी मजा वाटली. त्यांनी तिच्याकडून सुरमई म्हणवून घेतली, हलवा म्हणवून घेतला. सुरमईला फारसं काही उडेना, हलव्याला थोडं उडालं. पापलेटाला मात्र भरघोस.

"मावशी, तुम्ही सरंगा म्हणा त्याला," झुबेर म्हणाला, "आमचे जीव तरी वाचतील."

"तुझा भाव ऐकून माझा जीव जातो, त्याचं काय रे मेल्या?"

सगळे मास्क खाली करून मनसोक्त हसले. झुबेरनं शर्टाच्या टोकानं चष्मा पुसला आणि होता तिथंच उभा राहिला. दिसलं सगळ्यांना, कळलं कुणाला नाही.

पाच-सहा दिवसांनी झुबेर दिसेना. त्याच्या शेजारी उभे राहणारे दोघेही दिसेनात. ठमाबाईचा घसा जरा धरला होता, पण लिलाव पुकारणाऱ्या बाईचा घसा धरणं ही काही बातमी नव्हे. बांगड्याची एक बोट लागली. बांगडे तिच्यापुढे ओतले गेले. तिनं एक उचलला, कल्ला उघडला, हुंगला आणि जाहीर केलं,

"बांगडा! आजचा! ताजा!"

पुढच्या रांगेनं आपापले मास्क नाकावर घट्ट दाबले. बोटवाल्यालाही कसंतरी झालं, कारण त्याचा बर्फ आदल्या दुपारीच संपला होता आणि तो मान खाली घालायच्या तयारीनंच आला होता. बर्फवाला बाबू पुढे आला.

"ठमाकाकी, ह्यो बांगडा आता चालत घरी जाईल."

"गप बस. माझ्या नाकाला शिकवतोस?"

पण तिनं दुसरा बांगडा हुंगला. मग तिसरा. वाळत घातलेल्या बोंबलांपाशी गेली, ते हुंगले. डिझेलचा कॅन उघडून हुंगला. मग सरळ बाबूलाच धरून हुंगलं. बाबूचाही वास येईना, तेव्हा तिचे हात खाली आले.

उपकेंद्रात तपासणी झाली. तेजस्वीनं पट्टी बघितली आणि ठमाबाईला काही सांगावं लागलं नाही. झुबेरही आदल्याच दिवशी पॉझिटिव्ह सापडला होता. झुबेरकडून ठमाबाईला आला, की तिच्याकडून झुबेरला, यावर धक्क्यावर लगेच दोन पक्ष पडले. तेजस्वी म्हणाली, ते आता कुणीच सांगू शकणार नाही. पण तिनं एक विचारलं,

"बर्फ फोडणारे, पाट्या उचलणारे, मासळीला हात लावणारे कुणी आजारी आहेत?"

"नाय. बाबू तर घोड्यासारखा हाय."

"आणि तुमच्या तोंडासमोर उभे राहणारे?"

ठमाबाई उपकेंद्राच्या पायरीवर बसली. बराच वेळ तिनं काही म्हटलं नाही, आणि तिचं काही न म्हणणं इतकं नवीन होतं, की तेजस्वी घाबरून तिच्या बोटाला यंत्र लावायला लागली.

"मी सगळं धुतलं गो," ठमाबाई म्हणाली. "किल्ली धुतली. कोंबडी धुतली. मी पाण्यात उभी राहायचे."

"हो, काकी."

"आणि रोज तीन टायमाला त्यांच्या कानात..." तिनं चार बोटं उभी करून अंतर दाखवलं. "एवढ्यावरनं. आज सकाळी पण."

"मास्क?"

"हनवटीवर. त्यांना ऐकाया नको?"

खेडच्या डॉक्टरांचं ते अर्धं वाक्य पुन्हा तिच्या मांडीवर येऊन बसलं.

त्याच दिवशी घराची वाटणी झाली. ठमाबाई अंगणापलीकडच्या जाळ्यांच्या खोपीत. भिवा घरात, दारं-खिडक्या उघड्या टाकून. जेवण बाबूच्या घरून डब्यात येणार आणि पायरीवर ठेवलं जाणार. भिवाची पहिली तपासणी निगेटिव्ह आली, पण तेजस्वी म्हणाली, इतक्यात काही सांगता येत नाही, पाच-सहा दिवसांनी परत बघू. ठमाबाईला हे समजेना. मासा आजचा तरी असतो किंवा कालचा तरी. पाच दिवसांनी कळेल असा मासा तिनं बघितला नव्हता.

आणि आता त्याच्याशी बोलायचं कसं? खोपीतून कितीही ओरडलं, तरी भिवाच्या कानाला चार बोटांचं अंतर लागायचं. धोपाव्याला ऐकू जात होतं, पडवीत पोचत नव्हतं.

तोड भिवानंच काढली. तो पडवीत येऊन बसला आणि हातांनी खुणा करायला लागला. बोटीवर सुकाणू धरणारा तांडेल वर असतो आणि इंजिनवाला खाली, मधे इंजिनाचा गोंगाट, म्हणून सगळं हातांनी चालतं. मूठ म्हणजे थांब. हात गोल फिरवला की जोरात. तळहात हळूच खाली दाबला की इंजिन बारीक कर. दोन्ही हात ओढले की जाळं घे. चौतीस वर्षं जो माणूस घरात मान डोलवण्यापलीकडे गेला नव्हता, तो आता दिवसभर हातांनी बोलत सुटला. ठमाबाई पार गोंधळली. तो "जोरात" म्हणायचा ते औषध घेतलं म्हणून, की औषध संपलं म्हणून? "जाळं घे" म्हणजे डबा उचल, की डबा आला? ती उलट खुणा करायची, आणि त्यातून काय निघायचं देव जाणे, कारण भिवा एकदा उठला आणि दुपारी भर उन्हात अंगण झाडून आला.

तिला पक्की माहीत असलेली खूण एकच होती. लहान असताना तिच्या वडिलांनी ती किनाऱ्याकडे बघून केली होती, बोट बुडत असताना. ओंजळ करून खालून वर उपसल्यासारखं करायचं. तळात पाणी भरतंय.

चौथ्या दिवशी दुपारी भिवानं तीच खूण केली.

ओंजळ. उपसणं. परत ओंजळ.

ठमाबाई खोपीच्या दारात उभी राहिली आणि तिनं सव्वीस वर्षांतली सगळ्यांत मोठी आरोळी ठोकली. "तेजस्वी! पाणी भरलंय! त्यांच्या छातीत पाणी भरलंय गो!"

तेजस्वी पळत आली. बाबू पळत आला. बाबूनं येताना सवयीनं बर्फाची लादी आणली होती, ती कशाला ते त्यालाही सांगता येईना. तेजस्वीनं भिवाच्या बोटाला यंत्र लावलं, आणि आकडा येईपर्यंत अंगणात कुणी हललं नाही. ठमाबाईनं दोन्ही हातांनी मास्क तोंडावर दाबून धरला होता, जणू तोच उघडला तर काहीतरी निसटेल.

"चौऱ्याण्णव," तेजस्वी म्हणाली. "यांचा नेहमी असतो तितकाच."

भिवानं सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं. मग शेजारचा तांब्या उचलला, उपडा करून दाखवला आणि बऱ्याच दिवसांनी तोंडानं बोलला,

"प्यायला पाणी. संपलंय."

बर्फाचा उपयोग झाला तो असा.

सहाव्या दिवशी भिवाची तपासणी निगेटिव्ह. पुढच्या आठवड्यातही निगेटिव्ह. आता सगळ्यांना वेगळाच प्रश्न पडला. दिवसातून तीन वेळा, चार बोटांवरून, पापलेटाच्या ताकदीनं ओरडूनही याला झाला कसा नाही? तेजस्वी खोली बघायला आत गेली आणि बाहेर येताना तिचे डोळे मास्कच्या वर हसत होते.

"काकी, गोणपाटामागची खिडकी कधी बंद होती?"

"पहिल्या दिसापासून."

"पहिल्या दिवसापासून ती उघडी आहे."

भिवाला खाडीचं पाणी बघितल्याशिवाय चैन पडत नाही. गोणपाट ठोकून ठमाबाई धक्क्यावर गेली त्याच सकाळी त्यानं आतून झडप काढून ठेवली होती. गोणपाट तिच्यासाठी लटकत होतं आणि फटीतून खाडीचा वारा त्याच्यासाठी वाहत होता. शिवाय ती डाव्या कानाशी यायची तेव्हा भिवाचं तोंड आपोआप खिडकीकडे व्हायचं. कान बायकोकडे, नाक खाडीकडे.

"म्हणजे त्यामुळं वाचले?" ठमाबाईनं खोपीतून विचारलं.

"असेल. नशीबही असेल. एका घरातही काहींना होतो, काहींना होत नाही."

"आणि वांगी?"

"वांग्यांमुळे नाही, काकी."

ठमाबाईला हे फार लागलं. एवढ्या वांग्यांचं काहीच मोजायचं नाही, आणि ज्यानं तिला फसवलं त्याच्या खिडकीचं मोजायचं, हा कुठला न्याय? रागवावं की पाया पडावं हे ठरेना, म्हणून तिनं दोन्ही पुढं ढकललं.

तिचे खोपीतले दिवस पुरे झाले. भर दुपारी ती अंगण ओलांडून पडवीत आली. भिवा खांबाला टेकून बसला होता. ती त्याच्या डाव्या बाजूला गुडघ्यावर बसली, हात सवयीनं मास्ककडे गेला, अर्ध्या वाटेत थांबला आणि मांडीवर परत आला. तिनं मास्कमधूनच छाती भरून घेतली. भिवानं तिच्याकडे न बघता तळहात पुढं केला आणि हळूच खाली दाबला.

इंजिन बारीक.

ठमाबाईनं अगदी हळू, स्वतःलाही परका वाटेल अशा आवाजात विचारलं, "जेवलाव काय?"

भिवानं मान डोलवली.

त्याला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. बाबूच्या घरचा डबा पायरीवर तसाच भरलेला होता. खरं कुणाचं धरायचं, मानेचं की डब्याचं, हे न कळून ठमाबाईनं डबा उचलला, पाच हात लांब जाऊन पाठमोरी झाली, मास्क जरा खाली केला आणि झाकण उघडलं. बांगड्याचं कालवण होतं. ती थबकली. नाक डब्यात घातलं. परत घातलं. तिचे डोळे भरून आले.

मग ती अंगणाच्या पार टोकाला गेली, भिवाकडे पाठ केली, माणूस नाही असं बघून तोंड मोकळ्या खाडीकडे धरलं आणि छाती भरून घेतली.

"बाबू! ह्यो बांगडा कालचा हाय रे!"

पलीकडे धोपाव्याला लोकांनी आपापल्या घड्याळाकडे बघितलं. दुपारचा एक वाजला होता. दोघातिघांनी काटे मागं घेऊन सकाळची वेळ लावली, आणि मग सूर्याकडे बघून पुन्हा पुढं केले.